तपासणीआधीचे निदान

आज ३१ मार्च. १८६५ साली याच तारखेला डॉ. आनंदीबाई जोशी यांचा जन्म झाला. सरकारी कचेऱ्या आर्थिक वर्षाचा हिशेब मिटवण्यात गुंतलेल्या असतात, महिला दिनाचे फलक उतरूनही तीन आठवडे झालेले असतात, त्यामुळे ही जयंती दरवर्षी घाईतच उरकते. तसबिरीला हार घालायचा, लुगड्यातले ते प्रसिद्ध छायाचित्र समाजमाध्यमांवर इकडून तिकडे पाठवायचे, की झाले. एंडोमेट्रिऑसिस या आजाराविषयी जगभर पाळला जाणारा जागृती महिनाही आजच संपतो. दोन्ही एका तारखेला यावे हा निव्वळ योगायोग आहे. तरीही तो वाया घालवू नये असे आम्हाला वाटते, कारण आनंदीबाई जो प्रश्न घेऊन समुद्रापार गेल्या त्याचे अर्धेच उत्तर आपल्या हाती आले आहे.

आनंदीबाई चौदा वर्षांच्या असताना त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या, म्हणजे बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत त्यांनी अमेरिकेला जाण्याची कारणे इंग्रजीतून सांगितली. त्यांत मुख्य कारण साधे होते. या देशात स्त्री डॉक्टरांची गरज आहे आणि परपुरुषाकडून तपासून घ्यायला बायका धजत नाहीत. आदल्या वर्षी पंडिता रमाबाईंनीही शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे हीच मागणी मांडली होती. १८८५ मध्ये स्त्रियांना वैद्यकीय मदत पुरवण्यासाठी डफरीन फंड उभा राहिला, १८८६ मध्ये मुंबईत स्त्रियांसाठीचे कामा रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी ११ मार्चला आनंदीबाईंना पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. पुढच्या २६ फेब्रुवारीला पुण्यात क्षयाने त्यांचे निधन झाले. आणखी महिनाभराने त्यांना बावीस पूर्ण झाली असती. कोल्हापूरच्या रुग्णालयातील स्त्री-विभागाची नेमणूक हातात होती, पण एकही दिवस काम करता आले नाही.

त्या पिढीच्या साऱ्या धडपडीमागे एक गृहीतक होते. बाई डॉक्टर भेटली की बाई बोलेल, आणि ती बोलली की तिचे ऐकले जाईल. यातला पहिला भाग बऱ्याच अंशी खरा झाला. आज वैद्यकीय महाविद्यालयांच्या वर्गांत निम्म्याच्या आसपास मुली दिसतात आणि तालुक्याच्या गावीही ‘मॅडम’ असतात. बायका बोलतातही. दुसऱ्या भागाचे काय झाले, ते बघायचे तर कुठल्याही ओपीडीच्या दाराशी तासभर बसावे. ‘टेन्शन घेता का?’, ‘या वयात होतंच असं’, ‘घरात काही झालंय का?’, ‘लग्न झालं की थांबेल’, आणि लग्न झाले असेल तर ‘एक मूल होऊ द्या, आपोआप बरं वाटेल’. आणि सर्वांत सहज विचारला जाणारा प्रश्न ‘मिस्टर आलेत का बरोबर?’. तो तिच्या खुर्चीकडे बघून विचारला जातो, पण उत्तर दारातून अपेक्षित असते.

यांतले एकही वाक्य क्रूर नाही. उलट बहुतेक वाक्ये मायेनेच उच्चारली जातात. घोटाळा असा की नाडीवर हात ठेवण्याआधीच निदान झालेले असते. तक्रार ही रोगाची खूण आहे असे धरले तर डॉक्टर रोग शोधू लागतो. तक्रार हा बोलणारीचा स्वभाव आहे असे धरले की शोध तिथेच थांबतो.

एंडोमेट्रिऑसिसचेच बघा. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक या आजारात गर्भाशयाबाहेर वाढते, कधी बीजकोशांवर, कधी आतड्यांवर, कधी ओटीपोटाच्या पडद्यावर. पाळीच्या चक्राबरोबर तेही सुजते, रक्ताळते, आणि बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तिथेच चिकटून बसते. प्रजननक्षम वयातल्या साधारण दहांतल्या एका स्त्रीला हा आजार असतो असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. जगभरचा आकडा सुमारे १९ कोटी. एवढ्या मोठ्या संख्येने होणारा आजार सहज ओळखू यावा. प्रत्यक्षात ब्रिटनमध्ये २०२० साली खासदारांच्या सर्वपक्षीय गटाने चौकशी केली तेव्हा पहिल्या तक्रारीपासून निदानापर्यंत सरासरी आठ वर्षे जातात असे निघाले. ज्या देशात प्रत्येकाला नेमून दिलेला, फी न घेणारा डॉक्टर आहे तिथली ही गत आहे.

आपल्याकडे ही वर्षे कशी जातात ते सांगायला आकडेवारी लागत नाही. मुलगी बारावीत असते. महिन्यातले दोन-तीन दिवस ती शाळेत जाऊ शकत नाही, ओकते, घामाघूम होते. आई म्हणते, आम्हालाही दुखायचे, आम्ही कधी बोललो नाही. मग घराजवळचे डॉक्टर एक गोळी देतात, ती काही महिने चालते. मग सोनोग्राफी. अहवालावर ‘नॉर्मल’ लिहिलेले असते आणि त्या क्षणापासून मुलीची बाजू कायमची पडते. या आजाराच्या सुरुवातीच्या चकत्या साध्या सोनोग्राफीत बहुधा दिसतच नाहीत, पुष्कळदा दुर्बिणीतून पोटात बघितल्याखेरीज खात्री होत नाही, ही गोष्ट तिला कोणी सांगत नाही. यंत्राला काही दिसले नाही याचा अर्थ तिला काही होत नाही असा घेतला जातो. मग नोकरी, लग्न, मूल होत नाही म्हणून वंध्यत्वाच्या दवाखान्यात खेटे. तिथे कधी तरी दुर्बीण पोटात जाते आणि बाराव्या इयत्तेतल्या दुखण्याचे नाव तिशीत कळते. म्हणजे वेदनेला तपासणी मिळाली नाही, मूल होत नाही म्हटल्यावर मिळाली. कोणाच्या गरजेला इथे किती वजन आहे, ते या क्रमातच दिसते.

डॉक्टरांची बाजू इथे मांडली पाहिजे. पाळीतले दुखणे खरोखरच सर्रास असते आणि ते सोसणाऱ्या बहुतेक जणींना हा आजार नसतो. प्रत्येकीच्या पोटात दुर्बीण घालावी असे कोणी म्हणत नाही. परंतु शाळा बुडवणारे दुखणे आणि गरम पाण्याच्या पिशवीने थांबणारे दुखणे यांत फरक करायला दुर्बीण लागत नाही. दोन प्रश्न लागतात.

वैद्यकाचा हा कान जन्मतःच बंद नव्हता, तो पिढ्यान्‌पिढ्या तसा घडवला गेला. प्राचीन ग्रीकांनी स्त्रीच्या नाना दुखण्यांचे खापर शरीरात भटकणाऱ्या गर्भाशयावर फोडले. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात शार्को नावाचा थोर मेंदूविकारतज्ज्ञ हिस्टेरियाच्या स्त्री-रुग्णांना भर व्याख्यानात श्रोत्यांपुढे उभे करी. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत रोगसूचीतून हिस्टेरिया हे निदान गेले ते १९८० साली. सूचीतून गेले, सवयीतून नाही. कारण सापडत नसलेल्या दुखण्याला ‘फंक्शनल’ म्हणून मोकळे होणे आजही वॉर्डात चालते आणि ही चिठ्ठी बायकांच्या केसपेपरवर जरा जास्तच सहज चिकटते.

या घडणीचा दुसरा भाग पाठ्यपुस्तकांचा आणि त्यांमागच्या संशोधनाचा. हृदयविकार टाळण्यासाठी अ‍ॅस्पिरिन घ्यावे का, याचा अमेरिकेतला गाजलेला अभ्यास १९८९ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यात २२,०७१ डॉक्टर सहभागी होते आणि ते सगळे पुरुष. त्याच देशाने १९७७ साली, गर्भधारणा होऊ शकेल अशा स्त्रियांना औषधांच्या प्राथमिक चाचण्यांतून वगळण्याचा दंडक केला. हेतू चांगला होता, गर्भातल्या बाळांत व्यंग निर्माण करणाऱ्या थॅलिडोमाइड या औषधाचा धडा ताजा होता. १९९३ मध्ये तो दंडक मागे घेतला गेला. दरम्यानच्या काळात जी औषधे आली त्यांच्या मात्रा पुरुषांच्या शरीरावर बेतलेल्या होत्या. झोल्पिडेम ही झोपेची गोळी स्त्रियांच्या रक्तात सकाळपर्यंत जास्त प्रमाणात रेंगाळते, म्हणून त्यांची मात्रा निम्मी करावी असे अमेरिकी औषध प्रशासनाने २०१३ साली सांगितले. तोवर गोळी बाजारात येऊन वीस वर्षे झाली होती. ‘गोळी घेतली की सकाळी डोकं जड राहतं’ असे या काळात किती बायकांनी सांगितले असेल आणि त्यांना काय उत्तर मिळाले असेल, त्याची कल्पना करावी.

हृदयाच्या बाबतीत ही चूक जिवावर बेतते. १९९१ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पहिल्या महिला संचालक, हृदयरोगतज्ज्ञ बर्नाडिन हीली यांनी एक टोकदार अग्रलेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा की पुरुषासारखाच ठसठशीत हृदयविकार आहे हे स्त्रीने सिद्ध केले तरच तिला पुरुषासारखे उपचार मिळतात. शिकण्यासाठी मुलाचा वेष घ्याव्या लागलेल्या येंटल या कथेतल्या मुलीचे नाव त्यांनी या प्रकाराला दिले. हृदयविकाराच्या झटक्यात स्त्रियांनाही बहुतेक वेळा छातीतच दुखते. बायकांचा झटका म्हणजे काही वेगळेच प्रकरण, ही समजूत बरोबर नाही. मात्र छातीबरोबर धाप, मळमळ, पाठ-जबड्यातली कळ, अनावर थकवा हे त्यांच्यात अधिक वेळा दिसते, आणि छातीवर मूठ दाबून कोसळणारा चित्रपटातला बाप आपल्या डोळ्यांसमोर इतका पक्का बसला आहे की पोळ्या लाटताना घाम फुटून खाली बसलेली आई त्यात बसत नाही. तिला आपण पित्ताची गोळी देतो. दवाखान्यात गेली तर तिथेही आधी गॅसचे इंजेक्शन आणि मग, जमल्यास, ईसीजी. पन्नाशीच्या पुरुषाला कोणी असे करत नाही. त्याला आधी झोपवतात आणि तारा लावतात.

पोटदुखी घेऊन आपत्कालीन विभागात आलेल्या ९८१ रुग्णांचा एक अमेरिकी अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. स्त्री-पुरुषांनी सांगितलेली वेदना सारखीच होती. वेदनाशामक मिळायला पुरुषांना सुमारे ४९ मिनिटे लागली, स्त्रियांना ६५, आणि तीव्र वेदनाशामक मिळण्याची शक्यताच स्त्रियांच्या बाबतीत कमी होती. २०२४ साली इस्रायल आणि अमेरिकेतल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा असाच अभ्यास झाला. वेदनेचा आकडा तोच असूनही स्त्रियांना औषध कमी वेळा लिहून दिले गेले. लिहून देणारा डॉक्टर पुरुष होता की स्त्री, याने त्यात काही फरक पडला नाही.

हे शेवटचे वाक्य आनंदीबाईंच्या जयंतीला लिहिताना जड वाटते, पण लिहायला हवे. खुर्चीत बाई बसली की प्रश्न सुटला, असे समजण्याची चैन आपल्याला परवडणार नाही. बाई डॉक्टरही त्याच पुस्तकांतून शिकते, तीच निवासी डॉक्टरकी करते, छत्तीस तास जागून तशीच वैतागते. पुष्कळदा तर ‘मी नाही का सहन करत?’ हा तिचा प्रश्न रुग्णाला जास्त लागतो. प्रसूतिकक्षात बायकांवर ओरडणाऱ्या बायकाच असतात, हे आपल्याकडच्या कुठल्याही बाळंतिणीला विचारावे. तरी फ्लोरिडातल्या १९९१ ते २०१० या काळातल्या हृदयविकाराच्या लाखो नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात एक वेगळी गोष्ट सापडली. पुरुष डॉक्टरांच्या हाताखाली स्त्री-रुग्णांचे मृत्यू जास्त होते, पण ज्या पुरुष डॉक्टरांच्या विभागात स्त्री डॉक्टर अधिक होत्या त्यांच्याकडे ही तफावत कमी होत गेली. म्हणजे कान तयार करता येतो, पुरुषाचाही.

तसा तो आपल्याच राज्यात तयार झालेला आहे आणि त्याची नोंद जगाने घेतलेली आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ साली गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्या काळात सरकारी आरोग्य व्यवस्थेला ग्रामीण स्त्री दोनच कारणांसाठी ठाऊक होती, बाळंतपण आणि कुटुंबनियोजन. गर्भाशयाशी सरकारचा संबंध पाळणा लांबवण्यापुरता. बंग दांपत्याने वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांना तक्रारी विचारल्या आणि मग, ज्या काही तक्रार नाही म्हणाल्या त्यांच्यासकट, सगळ्यांची तपासणी केली. जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे होते: ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होता, आणि सरासरीने एकीला तीनहून अधिक, ३.६. त्याआधी आयुष्यात कधी तरी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के होत्या.

५५ टक्के बायकांनी तक्रारी सांगितल्या होत्या. ग्रामीण स्त्री लाजते, बोलत नाही, ही जी सबब धोरणे आखणाऱ्यांना फार सोयीची होती, ती या एका आकड्याने निकालात निघते. अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते, पाळीत गठळ्या पडतात, ‘अंग बाहेर येतं’, हे सगळे सांगायला त्यांच्याकडे नेमके शब्द होते. राणीताईंच्या ‘कानोसा’ या पुस्तकात अशा बोलण्याला मानाची जागा मिळाली. अडचण दुसरीकडे होती. आरोग्य केंद्राच्या रजिस्टरमध्ये या शब्दांसाठी रकानाच नव्हता, आणि जे रजिस्टरमध्ये नाही त्यावर औषध येत नाही, डॉक्टर नेमला जात नाही, की विधिमंडळात प्रश्न विचारला जात नाही.

आता तेच शब्द बीड जिल्ह्यात बोलले जातात तेव्हा काय होते ते पाहू. दिवाळीच्या सुमारास लाखो जोडपी उसाच्या फडाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा आणि त्याचा दंड. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढायचे, पालात राहायचे, न्हाणीघर नाही, पाणी नाही. यातून अंगावरून पांढरे जाणे आणि कंबर धरणे होणारच. बाई डॉक्टरकडे जाते आणि इथे मात्र तिची तक्रार कोणी हसण्यावारी नेत नाही. ‘पिशवी खराब झालीय, काढून टाका, नाही तर कॅन्सर होईल.’ सोनोग्राफी, कर्ज, ऑपरेशन. २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बीडमधल्या ऊसतोडणी कामगार स्त्रियांची पाहणी पुढे आणली तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहा बायकांमागे एक. त्यांतल्या कित्येक चाळिशीच्या आतल्या.

हे दुर्लक्षाच्या उलट टोक वाटते. आमच्या मते हे तेच टोक आहे. पुण्यातल्या मुलीला ‘काही नाही, टेन्शन आहे’ सांगणारा आणि बीडमधल्या गेवराईच्या बाईला ‘पिशवी काढा’ सांगणारा, दोघांनीही ती काय म्हणते ते ऐकलेले नाही. पांढरे जाणे हे पुष्कळदा साध्या जंतुसंसर्गाचे लक्षण असते आणि काही दिवसांच्या औषधांनी ते बरे होते. कंबरदुखीचा पिशवीशी संबंध असेलच असे नाही, दोन-दोन मोळ्या उचलणाऱ्या कंबरेला दुखायला पिशवीची गरज नसते. हे जाणून घ्यायला विचारावे लागते, तपासावे लागते. एकाने तपासणी वाचवण्यासाठी तक्रार नाकारली. दुसऱ्याने तपासणी वाचवण्यासाठी अवयवच काढला. फरक पडला तो पैशाचा, एकीकडे न करण्यात सोय होती आणि दुसरीकडे करण्यात कमाई.

‘बायकाच मागतात हो ऑपरेशन’, असे तिकडचे डॉक्टर सांगतात. खरेही आहे. पाळी नको, खाडा नको, वयात आल्यापासून पाठीला लागलेली ही कटकट एकदाची जाऊ दे, असे म्हणणाऱ्या बायका आहेत. पण तिच्यापुढे ठेवलेल्या वाटा किती होत्या? गोळ्यांनी बरे होऊ शकते असे तिला सांगितले होते का? बीजकोशही गेले तर पस्तिशीतच पाळी गेलेल्या बाईचे हाल सुरू होतात, हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, हे संमतीपत्रावरच्या त्या अंगठ्याआधी कोणी वाचून दाखवले होते का? २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने बिहार, छत्तीसगड, राजस्थान इथल्या अशाच प्रकारांवरच्या याचिकेत राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे लागू करायला सांगितले. बीडमध्ये त्याआधीच जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली. अट योग्यच आहे. तिने सुरी अडते. परवानगी नाकारली गेलेली बाई मात्र तीच कंबर घेऊन पुन्हा फडात उतरते, आणि तिच्या केसपेपरवर कोणी काही लिहिलेले नसते.

बायका वाढवून सांगतात, हा समज वैद्यकात आणि घरांत दोन्हीकडे आहे. आपल्या समाजापुरता तरी तो सपशेल उलटा आहे. दिल्लीच्या एम्समध्ये २०१६ या एका वर्षात बाह्यरुग्ण विभागात झालेल्या सुमारे २३.८ लाख भेटींचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. एका स्त्रीमागे १.६९ पुरुष आले होते. लोकसंख्येच्या प्रमाणात यायला हव्या होत्या अशा चार लाखांहून अधिक स्त्रिया आल्याच नव्हत्या, आणि गाव जितके दूर तितकी ही तफावत मोठी. घरात पुरुष आजारी पडला तर गाडी ठरते, बाई आजारी पडली तर ‘बघू, सोमवारी’ ठरते. ती स्वतःही अंगावर काढते. आधी ओवा, मग शेजारणीची गोळी, मग मेडिकलवाल्याची, मग मुलांच्या परीक्षा होऊ देत, मग सोयाबीन निघू दे. इतक्या चाळण्यांतून गळून जी दवाखान्याच्या बाकावर येऊन बसते, तिची तक्रार सरासरी पुरुषाच्या तक्रारीपेक्षा जुनी असते आणि जास्त खरी असण्याचा संभव असतो. तिथे समोरच्याच्या मनात ‘ही वाढवून सांगतेय’ असेल तर तो गणितातच चुकतो आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ‘थकवा येतो’ म्हणणाऱ्या बाईचे म्हणणे शरीराच्या अंगानेही खरे असण्याची शक्यता इथे नाणेफेकीपेक्षा अधिक आहे. हिमोग्लोबिनची चाचणी तर सर्वांत स्वस्त चाचण्यांपैकी एक.

मनाचे आजार खोटे असतात असे आम्हाला अजिबात सुचवायचे नाही. नैराश्य आणि चिंताविकार स्त्रियांत जास्त आढळतात, ते अंगदुखी आणि छातीतल्या धडधडीच्या रूपाने येतात, आणि चांगला डॉक्टर ते ओळखतोही. पण ‘टेन्शन आहे’ म्हणणारा डॉक्टर जर खरोखरच ते निदान मानत असेल, तर त्याने त्या टेन्शनवर उपचार करायला हवेत. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू झाले ते याच जाणिवेतून, की वारंवार डोके दुखते म्हणून येणाऱ्या बाईला घरी मार पडत असू शकतो आणि ते विचारणे हे रुग्णालयाचे काम आहे. एरवी टेन्शनचे निदान झालेल्या बाईला समुपदेशकही मिळत नाही आणि ईसीजीही.

ओपीडीत सकाळपासून दीडशे केस असतात, एकीला दोन मिनिटे मिळतात, हा आक्षेप खोटा नाही. सरकारी डॉक्टरांच्या रिकाम्या जागा भरल्याशिवाय त्याला पूर्ण उत्तर नाही, आणि अग्रलेखांतून डॉक्टरांना सहानुभूतीचे धडे देणे सोपे असते हेही आम्ही जाणतो. पण ती दोन मिनिटे पुरुषालाही तेवढीच मिळतात. तेवढ्यातच एकाला ‘कुठे दुखते?’ आणि दुसरीला ‘घरी काय चाललंय?’ असे विचारले जाते. इथे वेळेची टंचाई नाही, प्रश्नाची निवड आहे.

आणि निवड शिकवता येते. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेने राज्यातल्या काही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतल्या प्राध्यापकांना बरोबर घेऊन लिंगभावाची दृष्टी अभ्यासक्रमात आणण्याचे काम केले आहे. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांचा स्वतंत्र भागही आला. मुळात इतके नवे काही लागतच नाही. रुग्णाची मुख्य तक्रार तिच्याच शब्दांत लिहून घ्या, हा केस घेण्याचा पहिला नियम वॉर्डात पाऊल टाकणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या आठवड्यात शिकवतात. इंटर्नशिपपर्यंत तो विसरला जातो. बाई सांगते, ‘उठलं की डोळ्यापुढं अंधारी येते, अंगावरनं फार जातं, जिना चढला की जीव वर येतो’, आणि केसपेपरवर दोन शब्द उतरतात: ‘जनरल वीकनेस’. तिच्या वाक्यात रक्तक्षय, अतिरक्तस्राव आणि कदाचित हृदयाचा विकार इतके सगळे होते. त्या दोन शब्दांत काहीच उरले नाही, आणि पुढच्या भेटीत दुसरा डॉक्टर वाचणार ते तेच दोन शब्द.

नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत एवढेच करावे: स्त्री-रुग्णाची तक्रार विद्यार्थ्याने तिच्या शब्दांत लिहिली आहे का, नातेवाइकाला न विचारता तिलाच विचारली आहे का, आणि मानसिक कारण लिहिण्यापूर्वी कोणत्या शारीरिक शक्यता तपासल्या, यावर वेगळे गुण ठेवावेत. दहा पुरेत. ज्याला गुण असतात ते आपले विद्यार्थी किती मन लावून शिकतात, हे कुठल्याही प्राध्यापकाला विचारून पाहावे.